चित्त, चित्र आणि कल्याणमित्र

पाली भाषेच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच एक गंमत आढळते. संस्कृतातील ‘चित्त’ म्हणजे मन आणि ‘चित्र’ म्हणजे रेखाटलेली आकृती, हे दोन्ही शब्द पालीत ‘चित्त’ या एकाच रूपात येतात. ‘त्र’ चा ‘त्त’ होणे हा पालीचा नेहमीचा ध्वनिनियम आहे. त्यामुळे या सारखेपणाला वरवर पाहता योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. परंतु तथागतांनी या योगायोगाचा मोठा मार्मिक उपयोग केला आहे. संयुत्तनिकायातील खन्धसंयुत्तात ते भिक्खूंना ‘चरण’ नावाच्या चित्राविषयी विचारतात. अट्ठकथेच्या स्पष्टीकरणानुसार हे चित्र कापडावर रंगविलेले असे आणि भटके ब्राह्मण ते गावोगाव नेऊन कर्मफलांचे देखावे लोकांना दाखवीत. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींची येथे सहज आठवण होते. हे चित्र मनानेच कल्पिलेले आहे आणि मन त्या चित्राहूनही अधिक विविध आहे, असे तथागत तेथे सांगतात. त्यापुढे चित्रकाराचा दृष्टान्त येतो. लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ असे रंग घेऊन चित्रकार फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रावर स्त्री-पुरुषाची आकृती निर्माण करतो. अज्ञ मनुष्यही तसाच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान पुनःपुन्हा निर्माण करीत राहतो.

मन चित्रकार आहे असे मानले, तर एक प्रश्न उद्भवतो. जे मन दुःखाने इतके मोडून गेले आहे की त्याला बोलताही येत नाही, त्याच्या हाती खरेखुरे रंग दिले तर काय होईल? विसाव्या शतकातील वैद्यकाने हा प्रश्न गांभीर्याने विचारला आणि त्यातून ‘आर्ट थेरपी’ अर्थात कलोपचार ही शाखा उदयास आली. प्रस्तुत लेखात ब्राझीलमधील डॉ. नीझे दा सिल्वेरा यांच्या कार्याच्या आधारे या उपचाराचे स्वरूप समजावून घ्यावयाचे आहे. माझ्या मते त्यांच्या कार्याचे सार एका वाक्यात सांगता येते. रंग आणि कागद एकटे कोणालाही बरे करीत नाहीत, विश्वास देणारा माणूस शेजारी असेल तरच ते औषधासारखे काम करू लागतात.

मुक्या वेदनेची भाषा

‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ साली वापरात आणला, असे मानले जाते. क्षयरोगाने आजारी पडून ते स्वतः आरोग्यधामात राहिले होते. त्या सक्तीच्या विश्रांतीत चित्रे काढताना आपले मन सावरते, असा त्यांचा अनुभव होता. पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी चित्रे काढावयास प्रवृत्त केले.

चित्राने मन का सावरावे? याची काही कारणे सामान्य अनुभवानेही कळण्यासारखी आहेत. अतीव शोक किंवा भीती यांच्यापुढे शब्द अपुरे पडतात. शब्दांना क्रम लागतो, आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे सांगावे लागते. मोडलेल्या मनाजवळ नेमका तो क्रमच नसतो. चित्राला अशा क्रमाची गरज नाही, कारण दहा वर्षांपूर्वीचे घर आणि कालची भीती एकाच कागदावर शेजारी-शेजारी राहू शकतात. दुसरे कारण असे की, जी वेदना आजवर आत होती ती आता समोर येते. मनुष्य तिच्यापासून हातभर अंतरावर बसून तिच्याकडे पाहू शकतो, नको असेल तेव्हा कागद पालथा घालू शकतो आणि उद्या पुन्हा तो उघडू शकतो. वेदनेशी किती जवळीक करावयाची हे त्याच्या हाती राहते. तिसरे कारण हातांचे आहे. माती मळणे, रंग कालविणे, रेघ ओढणे या क्रियांत शरीराला एक लय मिळते आणि भटकणारे लक्ष थोडा वेळ एका जागी टिकते.

बटन दाबण्यास नकार

नीझे दा सिल्वेरा यांचा जन्म १९०५ साली ईशान्य ब्राझीलमधील मासेयो या शहरी झाला. बाहिया येथील वैद्यकीय महाविद्यालयातून १९२६ साली त्या पदवीधर झाल्या. शंभराहून अधिक पुरुष विद्यार्थ्यांच्या त्या तुकडीत त्या एकट्या स्त्री होत्या. पुढे त्या रिओ दि जानेरोला आल्या आणि मानसोपचाराकडे वळल्या. व्हार्गास यांच्या राजवटीत, १९३६ साली, त्यांच्याजवळ मार्क्सवादी पुस्तके असल्याची खबर रुग्णालयातील एका परिचारिकेने दिली आणि त्यांना अटक झाली. एक वर्षाहून अधिक काळ त्या तुरुंगात होत्या. ख्यातनाम कादंबरीकार ग्रासिलियानो रामोस हेही त्याच तुरुंगात होते आणि आपल्या तुरुंगाच्या आठवणींत त्यांनी नीझेंचा उल्लेख केला आहे. सुटकेनंतरही सरकारी नोकरीची दारे त्यांना १९४४ पर्यंत बंद होती.

त्या वर्षी त्या रिओच्या एंजेन्यो दे देन्त्रो या उपनगरातील राष्ट्रीय मनोरुग्णालयात रुजू झाल्या. तोवर तेथील उपचार बदललेले होते. विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी आणि मेंदूचा काही भाग तोडणारी लोबोटॉमी ही त्या काळची ‘आधुनिक’ साधने होती. पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांना लोबोटॉमीसाठी १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले, यावरून त्या काळाची मनोवृत्ती लक्षात यावी. एका सहकाऱ्याने विजेच्या झटक्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले आणि पुढील रुग्णासाठी बटन दाबण्यास नीझेंना सांगितले. त्यांनी ते दाबले नाही. त्या काळी हे झटके भूल न देता दिले जात. स्वतः कैद भोगून आलेल्या या स्त्रीला त्या खोलीत उपचारापेक्षा छळ अधिक दिसला.

नकार देणाऱ्या डॉक्टरला काम कोणते द्यावयाचे? रुग्णालयात ‘व्यवसायोपचार’ नावाचा एक दुर्लक्षित विभाग होता. त्या विभागाच्या नावाखाली रुग्णांकडून झाडलोट आणि साफसफाई करून घेतली जाई. नीझेंनी तो विभाग मागून घेतला आणि १९४६ साली त्याचे रूपच पालटले. शिवणकाम, पुस्तकबांधणी, संगीत यांबरोबर चित्रकला आणि मातीकाम यांच्या शाळा त्यांनी सुरू केल्या. रुग्णालयात नोकरीस असलेला आल्मिर माव्हिनिए हा तरुण चित्रकार त्यांना साहाय्यक म्हणून मिळाला. तेथे कोणाला चित्रकला ‘शिकविली’ जात नसे. नमुना समोर ठेवून नक्कल करावयास सांगितले जात नसे. रंग, कागद, माती आणि भरपूर वेळ, एवढेच दिले जाई. ‘पेशंट’ या शब्दाऐवजी नीझे ‘क्लायंट’ हा शब्द पसंत करीत. त्यांच्या दृष्टीने समोरचा मनुष्य उपचार निमूटपणे सोसणारा नसून त्यात सहभागी होणारा होता.

फर्नांदोची खोली

या चित्रशाळेत १९४९ साली फर्नांदो दिनीझ आला. त्याची हकिकत आंबेडकरी वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. फर्नांदो आफ्रिकी वंशाचा होता. त्याचा जन्म १९१८ साली बाहिया प्रांतात झाला, म्हणजे ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी तीस वर्षे झाली होती. त्याची आई शिवणकाम करी. लहानग्या फर्नांदोला घेऊन ती रिओला आली आणि दाटीवाटीच्या गरीब वस्तीत राहिली. श्रीमंतांच्या घरी शिवणकामास जाताना ती मुलाला सोबत नेई. त्या घरांतील पियानो, गालिचे, पडदे, फुलदाण्या तो पाहत असे. अशाच एका घरातील व्हिओलेता नावाच्या मुलीवर त्याचे मन जडले. तो शाळेत हुशार होता. आपण इंजिनिअर व्हावे, म्हणजे तिच्या योग्यतेचे होऊ, असे त्याला वाटे. पुढे तिचे लग्न झाल्याचे त्याला कळले आणि त्याचे शिक्षण सुटले. १९४४ साली कोपाकाबानाच्या समुद्रात विवस्त्र पोहत असता पोलिसांनी त्याला पकडले आणि वेड्यांच्या तुरुंगवजा इस्पितळात टाकले. नीझेंकडे तो आला तेव्हा मान खाली घालून, पुटपुटल्यासारखे बोलत असे.

त्याच्या पहिल्या चित्रांत वस्तूंची नुसती गर्दी होती. आकार एकमेकांवर चढलेले, कशाला कशाचा आधार नाही, असे ते चित्रण होते. हळूहळू एकेक वस्तू वेगळी होऊ लागली. खुर्ची, टेबल, पियानो, पडदा स्वतंत्रपणे दिसू लागले. वस्तूंना उभे राहण्यासाठी जमीन मिळाली. अखेरीस या सर्व वस्तू आपापल्या जागी असलेली संपूर्ण खोली कागदावर आली. लहानपणी दारातून पाहिलेली, परंतु कधीही आपली न झालेली ती बैठकीची खोली होती. नीझेंनी या चित्रमालिकेत विस्कळीत मनाची एक झुंज पाहिली. रोजचे, ओळखीचे, राहण्याजोगे जग पुन्हा मिळविण्यासाठी ते मन झगडत होते. एकटे चित्र पाहून काही कळत नाही, क्रमाने मांडलेली मालिका पाहिली की धागा सापडतो, हे त्यांचे सूत्र होते. म्हणूनच सर्व चित्रे तारखांसह जपून ठेवण्याचा त्यांचा आग्रह असे. त्यातूनच १९५२ साली ‘अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय’ उभे राहिले. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक कलाकृती असल्याचे सांगितले जाते.

फर्नांदोच्या दुःखाला वर्ण आणि वर्ग यांचे मूळ होते, हे येथे विसरता कामा नये. कोणत्या घरात दारातून आत यावयाचे आणि कोणत्या घरात उंबऱ्याबाहेर थांबावयाचे, हे ज्या समाजात जन्मावरून ठरते, तेथील जखम निव्वळ ‘मेंदूचा विकार’ नसते. चित्रकलेने ती समाजव्यवस्था बदलली नाही, बदलणे शक्यही नव्हते. परंतु ज्याच्या दुःखाची कोणी दखल घेतली नव्हती, त्याला ते मांडण्यासाठी जागा मिळाली आणि पाहणारा साक्षीदार मिळाला. फर्नांदो पुढे आयुष्यभर काम करीत राहिला. १९९६ साली मार्कोस मागाल्याइस या चित्रपटकाराच्या साहाय्याने त्याने आपल्या रेखाटनांचा एक चलच्चित्रपटही पूर्ण केला. त्याचे नाव ‘आठ टोकांचा तारा’. फर्नांदो आणि डॉ. नीझे दोघांचेही निधन १९९९ साली झाले.

स्नेह हा उत्प्रेरक

नीझेंच्या निरीक्षणांत सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण साहाय्यकांविषयी आहे. रंग तेच, खोली तीच, तरी एखादा साहाय्यक जवळ असता क्लायंटचे काम उमलते, तो नसता थांबते, असे त्यांना वारंवार आढळले. रसायनशास्त्रात उत्प्रेरक पदार्थ स्वतः न बदलता इतरांतील क्रियेला गती देतो. त्या धर्तीवर त्यांनी या गोष्टीला ‘उत्प्रेरक स्नेह’ असे नाव दिले. साहाय्यकाने हुकूम करू नये, चित्राचा अर्थ विचारून भंडावू नये, खोटी स्तुती करू नये. त्याने फक्त टिकून राहावे. ज्याचा माणसांवरील विश्वास पार उडाला आहे, त्याला स्थिर आणि निरपेक्ष सोबतीचा अनुभव यावा, हाच येथे उपचाराचा गाभा आहे. रुग्णालयाच्या आवारातील भटकी कुत्री-मांजरेही त्यांनी या कामी सहउपचारक मानली. माणसाकडे न पाहणारा मनुष्य कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवितो आणि तेथून पुढे माणसांकडे वाट निघू शकते, हे त्यांनी पाहिले होते.

हे वाचताना मला चूळपन्थक थेरांची आठवण होते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, म्हणून त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानेच त्यांना संघारामातून घालवून दिले, अशी कथा आहे. ते खिन्न होऊन दाराशी उभे होते. थेरगाथेत त्यांच्या तोंडी आलेला वृत्तान्त पाहावा. तथागत तेथे आले, त्यांनी त्यांच्या मस्तकावरून हात फिरविला, बाहू धरून त्यांना आत नेले आणि मगच त्यांच्या हाती वस्त्राचा एक तुकडा दिला. अट्ठकथेनुसार ते शुभ्र वस्त्र हाताने चोळीत बसावयाचे होते. चोळता चोळता ते मळले आणि त्या मळलेल्या वस्त्राकडे पाहता पाहता अनित्यतेचे ज्ञान त्यांना झाले. ज्याला शब्द साधत नव्हते त्याला हातांचे काम मिळाले. परंतु घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. आधी मस्तकावरील हात आणि नंतर वस्त्र. वस्त्राचा तुकडा कोणीही फेकू शकला असता, पण तेवढ्याने काही झाले नसते.

या कथेला मी कलोपचार म्हणत नाही. तथागतांचे ध्येय दुःखाच्या मुळाचा नाश हे होते आणि आधुनिक उपचाराचे उद्दिष्ट त्याहून मर्यादित आहे. तथापि माणसाला सावरण्याची रीत दोहोंकडे जुळते, आणि त्या रीतीला आपल्या परंपरेत ‘कल्याणमित्रता’ हे नाव आहे.

मंडलांचा मोह

या चित्रशाळेत वर्तुळाकार, समतोल आकृत्या पुष्कळांच्या कागदांवर आपोआप येत. बौद्ध वाचकाला त्यात तिबेटी मंडले दिसतील, तशीच ती नीझेंनाही दिसली. १९५४ साली त्यांनी त्यांची छायाचित्रे स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना पाठविली. विस्कटलेले मन स्वतःला सावरण्याचा प्रयत्न करीत असल्याची ही खूण आहे, असे युंग मानीत. १९५७ साली झुरिच येथील दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मानसोपचार परिषदेत या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्याचे उद्‌घाटन युंग यांनीच केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. युंग यांचे विवेचन ही एक उपपत्ती आहे, तो सिद्ध नियम नव्हे. वज्रयान परंपरेतील मंडल हे गुरूच्या मार्गदर्शनाखाली, ठरावीक नियमांनुसार रचले जाते, तर रिओतील वर्तुळे कोणी न शिकविता उमटली. दोहोंना एकच मानून त्यावरून धम्माची महती सिद्ध करण्याचा मोह टाळावा हे बरे.

मर्यादांचे भान

त्याच चित्रशाळेत लुसिओ नावाचा क्लायंट मातीचे योद्धे घडवीत असे. नीझेंचा विरोध असतानाही त्याच्यावर लोबोटॉमी करण्यात आली. त्यानंतर त्याच्या हातून पूर्वीसारखी शिल्पे घडली नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या कामांतील अंतर हाच नीझेंचा युक्तिवाद होता.

मात्र या इतिहासावरून ‘औषधे नकोत, चित्रे काढा’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९५० च्या दशकापासून उपयुक्त औषधे उपलब्ध झाली आणि लोबोटॉमी मागे पडली. विजेच्या उपचाराचेही स्वरूप बदलले. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यास मनाई केली आहे.

कलोपचाराचीही कठोर परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ व्यक्तींवर झालेली ‘मॅटिस’ नावाची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांना आठवड्यातून एकदा सामूहिक कलोपचाराची जोड दिल्याने दोन वर्षांनंतर विशेष लाभ दिसला नाही, असे तिच्यात आढळले. पुष्कळ व्यक्ती त्या वर्गांना फारशा गेल्याच नव्हत्या. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. नीझेंचे कार्य ही अशी चाचणी नव्हे, ते अनेक वर्षांच्या रोजच्या सहवासाचे निरीक्षण आहे. दोन्ही शेजारी ठेवून मला एवढेच सुचते की, आठवड्याच्या एका तासात रंग पुरविता येतात, विश्वास मात्र त्या वेळापत्रकाने येईलच असे नाही.

आपल्या विहारांत

विहारात येणाऱ्या माणसांत पुत्रशोकाने मूक झालेली माता असते, वसतिगृहात जातीवरून अपमान सोसून परतलेला विद्यार्थी असतो, दारूड्या बापाला भिणारे मूल असते. त्यांच्यावर उपचार करणे हे आपले काम नव्हे, परंतु सोबत करणे हे निश्चितच आपले काम आहे. रविवारच्या बालवर्गात कोरे कागद आणि रंग ठेवावेत. बुद्धमूर्ती किंवा बाबासाहेबांचे चित्रच काढले पाहिजे असा आग्रह धरू नये, स्पर्धा लावू नये आणि गुणही देऊ नयेत. चित्राचा अर्थ आपण सांगू नये, मुलाने सांगितला तर ऐकावा. त्याच्या संमतीवाचून ते चित्र कोणाला दाखवू नये. दर आठवड्याला तीच ताई किंवा तोच दादा तेथे असावा, कारण येणारा माणूस पुन्हा येईल हा भरवसाच अर्धे काम करतो. झोप उडणे, जेवण सुटणे, मरणाची भाषा येणे, नसलेले आवाज ऐकू येणे यांपैकी काही आढळले तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते.

महावग्गातील तो आजारी भिक्खू आपल्याला परिचित आहे. अतिसाराने ग्रस्त होऊन तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. कोणी त्याची शुश्रूषा का करीत नाही, असे तथागतांनी विचारले. हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून, असे उत्तर मिळाले. तथागतांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन, उचलून मंचकावर निजविले. एंजेन्यो दे देन्त्रोच्या अंगणात मान खाली घालून बसलेला फर्नांदोही जगाच्या हिशेबी निरुपयोगीच होता. माणसाची किंमत उपयोगावरून न करणारा कोणी तरी त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि मग त्याच्या चित्रांतील खोलीला जमीन मिळाली.